स्थायूंचे रसायनशास्त्र: तराजू हाती घेऊन अभ्यास कसा सुरू करावा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिलाच धडा स्थायू अवस्थेचा आहे, तरीही वर्षभराने विचारले तर बहुतेक विद्यार्थ्यांना त्यातले फारसे काही आठवत नाही. विषय अवघड आहे हे त्याचे कारण नसून, तो ज्या क्रमाने शिकवला जातो तो क्रमच उलटा आहे, असे माझे मत आहे. सात स्फटिक प्रणाली, चौदा जालके आणि दोषांची पाठ करायची नावे आधी येतात. हातात धरता येईल, वजन करता येईल असा पदार्थ मात्र शेवटपर्यंत समोर येत नाही. या लेखात सुचवलेला मार्ग वेगळा आहे. आधी एखाद्या पदार्थाची घनता स्वतः मोजावी, तिच्यावरून त्या पदार्थातील अणूंची मांडणी किती अंतरावर आहे याचा हिशेब करावा, आणि हा एकच हिशेब पुढे धातू, संमिश्रे, दोष आणि गंज यांना लावत जावा. नावे मागाहून पाठ केली तरी चालतात, आणि तेव्हा ती लक्षातही राहतात.

लागणारे साहित्य थोडे आहे आणि मुंबईत ते सहज मिळते. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, १०० मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर, कोनमापक, भिंग आणि चौकटींची वही एवढे पुरे. सिलिंडर आणि काचपात्रे प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या शामलदास गांधी मार्गावर, शोधावीत. तांब्याची तार लोहार चाळीत वजनावर मिळते. सैंधव आणि तुरटी कोणत्याही वाण्याकडे, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्रयोगासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

पहिले मोजमाप: मिठाची घनता

सुरुवात मिठापासून करावी. सैंधवाचे शक्य तितके स्वच्छ, पारदर्शक तुकडे निवडावेत. बारीक दळलेले मीठ टाळावे, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकते आणि घनफळ खोटे मोठे दिसते. सैंधवाचा खडा हलक्या हाताने फोडला असता त्याचे तुकडे सपाट पृष्ठांवर आणि काटकोनात फुटतात; भिंगाखाली हे नीट पाहून घ्यावे, कारण आतल्या मांडणीची ती पहिली खूण आहे.

पावसाळ्यात हा प्रयोग करणार असाल, तर तुकडे झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर सुकवावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात थंड होऊ द्यावेत. शुद्ध सोडिअम क्लोराइडसुद्धा सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील पाणी शोषून विरघळू लागते, आणि जुलैच्या मुंबईत ती मर्यादा दिवसच्या दिवस ओलांडलेली असते. समुद्री मिठात उरलेले मॅग्नेशिअम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी ओढते, म्हणून खडे मिठाची बरणी सैंधवाच्या आधी ओलावते. समुद्री मिठाचे खडे तव्यावर तडतडतात ते त्यांच्या आत अडकलेल्या खाऱ्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. झाकण ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

मीठ पाण्यात विरघळते, म्हणून सिलिंडरमध्ये ५० मिलिलिटर शेंगदाणा तेल घ्यावे. सुमारे ५० ग्रॅम तुकडे वजन करून त्यात एकेक सोडावेत, बारीक तारेने हलवून बुडबुडे बाहेर काढावेत, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल खाली उतरेपर्यंत काही मिनिटे थांबून मगच वाचन घ्यावे. पातळी सुमारे २३ मिलिलिटरने वाढली पाहिजे. समजा वाढ २३.५ मिलिलिटर आली, तर घनता ५० भागिले २३.५, म्हणजे २.१३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पुस्तकातील किंमत २.१६ आहे. हा दीड टक्क्याचा फरक सोडून द्यावा. त्याने पुढे काय होते ते लवकरच दिसेल.

युनिट सेल मोजणे

आता जाड कागदाचा एक घन तयार करावा आणि त्यावर मिठाची रचना आखावी. प्रत्येक कोपऱ्यावर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर क्लोराइड आयन. प्रत्येक कडेच्या मध्यावर आणि घनाच्या केंद्रात सोडिअम आयन. हा घन म्हणजे मिठाचे युनिट सेल: तिन्ही दिशांना तो शेजारी शेजारी रचत गेले की पूर्ण स्फटिक तयार होतो. येथे बहुतेकांची मोजणी चुकते, कारण घनावर दिसणारे सगळे आयन त्या एकाच घनाच्या मालकीचे धरले जातात. चाळीतील दोन खोल्यांमधली भिंत जशी दोन्ही बिऱ्हाडांची असते, तसा पृष्ठावरचा आयन दोन घनांचा, कडेवरचा चार घनांचा आणि कोपऱ्यावरचा आठ घनांचा असतो. म्हणजे क्लोराइड ८ चे आठवा हिस्सा अधिक ६ चे निम्मे, एकूण ४. आणि सोडिअम १२ चे पाव हिस्सा अधिक केंद्रातला १, तेही ४. एका युनिट सेलमध्ये सोडिअम क्लोराइडची चार सूत्र-एकके (एक सोडिअम आणि एक क्लोराइड मिळून एक) आहेत.

एका सूत्र-एककाचे वस्तुमान ५८.४४ अणुवस्तुमान-एकके आहे. ग्रॅम आणि सेंटिमीटरमध्ये काम केले तर दहाच्या ऋण घातांची रांग लागते आणि चूक तिथेच होते. त्याऐवजी अंतरे अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) आणि वस्तुमाने अणुवस्तुमान-एककांत ठेवावीत. मग ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घनता मिळवण्यासाठी केवळ १.६६०५ ने गुणावे लागते, कारण दोन्ही बाजूंचे मोठे घात एकमेकांना छेदतात. ही एक संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. ४ गुणिले ५८.४४ गुणिले १.६६०५ म्हणजे ३८८.२. याला आपण मोजलेल्या २.१३ ने भागले की युनिट सेलचे घनफळ सुमारे १८२ घन अँगस्ट्रॉम येते, आणि त्याचे घनमूळ ५.६७. मिठाच्या युनिट सेलची कड क्ष-किरणांनी मोजली असता ५.६४ अँगस्ट्रॉम भरते.

घनतेतील दीड टक्क्याची चूक कडेत अर्ध्या टक्क्यावर आली, कारण घनमूळ घेताना चूक एक तृतीयांश होते. तेलाच्या सिलिंडरने आणि सोनाराच्या काट्याने मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाच्या पटीतले अंतर इतक्या जवळून सापडते, यावर पहिल्या वेळी विश्वास बसत नाही. म्हणून सगळा हिशेब स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहावा.

इतिहासातही हाच हिशेब निर्णायक ठरला. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांमुळे क्ष-किरणांचे विवर्तन होते, म्हणजे ते ठरावीक कोनांतच विखुरतात, हे दाखवले, आणि १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग व त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनी मिठासारख्या साध्या स्फटिकांची रचना उलगडली. परंतु विवर्तनाच्या कोनांवरून मिळते ते अंतर आणि तरंगलांबी यांचे गुणोत्तर. दोन्हींपैकी एक तरी दुसऱ्या मार्गाने कळावे लागते. ब्रॅग यांनी मिठाची घनता आणि अ‍ॅव्होगाड्रो संख्या वापरून थरांमधील अंतर काढले, आणि त्यावरून क्ष-किरणांची तरंगलांबी ठरवली. पिता-पुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा लॉरेन्स ब्रॅग यांचे वय २५ होते.

या रचनेत सोडिअम आणि क्लोरिनची स्वतंत्र जोडी, म्हणजे मिठाचा रेणू, कोठेच नाही. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम समान अंतरावर आहेत. हे पचवणे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांनाही जड गेले. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये, म्हणजे रचना सिद्ध होऊन चौदा वर्षे झाल्यावर, ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठावर सडकून टीका केली होती. आजही मिठाच्या संदर्भात ५८.४४ ला सर्रास रेणुभार म्हटले जाते. ती सवय सुरुवातीलाच सोडलेली बरी.

धातू: त्याच हिशेबाने रचना ओळखणे

तांब्याच्या तारेवरचे प्लास्टिकचे आवरण पूर्ण काढून सुमारे ५० ग्रॅम तार गुंडाळून घ्यावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून वाचन शून्य करावे, आणि तार दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला व कडांना लागणार नाही, अशी धरावी. काट्याचे वाचन जितके वाढेल तितके ग्रॅम पाणी तारेने दूर सारले. ५० ग्रॅम तांब्यासाठी ही वाढ सुमारे ५.६ ग्रॅम येते, म्हणजे घनता ८.९ च्या आसपास. तांब्याच्या युनिट सेलची कड ३.६१ अँगस्ट्रॉम आहे आणि त्याचे घनफळ ४७.०५. कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर अणू असलेल्या, म्हणजे पृष्ठकेंद्रित घन रचनेत चार अणू धरले, तर ४ गुणिले ६३.५५ गुणिले १.६६०५ भागिले ४७.०५, उत्तर ८.९७. मोजलेल्या किमतीशी ते जुळते.

लोखंडाच्या साध्या, जस्ताचा मुलामा नसलेल्या खिळ्यांवर हीच कृती करावी. घनता ७.८ च्या जवळ येईल. लोखंडाची कड २.८७ अँगस्ट्रॉम, घनफळ २३.६४. येथेही चार अणू धरले तर उत्तर १५.७ येते, म्हणजे मोजमापाच्या दुप्पट. दोन अणू धरले की ते बरोबर बसते. कोपऱ्यांवरचे मिळून एक आणि केंद्रातला एक, अशी ही अंतःकेंद्रित घन रचना आहे. कोणती रचना कोणत्या धातूची हे पाठ करण्यापेक्षा घनता आणि कड यांवरून अणूंची संख्या काढण्याचा सराव करावा. परीक्षेतील प्रश्नही बहुधा याच धाटणीचे असतात. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला तापवले की ते पृष्ठकेंद्रित होते, आणि त्या रचनेतील मोठ्या पोकळ्यांत कार्बन कितीतरी अधिक प्रमाणात मावतो. पोलाद लाल तापवून पाण्यात विझवल्यावर कडक का होते याचे मूळ या बदलात आहे, कारण थंड होताना त्या कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

सोन्याचा हिशेब कागदावरच करावा. कड ४.०८ अँगस्ट्रॉम, चार अणू, अणुवस्तुमान १९६.९७, घनता १९.३ येते. चांदीही पृष्ठकेंद्रित आणि तिची कड ४.०९. दोन अणूंच्या आकारात जवळजवळ फरक नसल्याने सोन्याच्या जागी चांदी कोणत्याही प्रमाणात बसते, आणि मिश्रणाची जाळी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, मोडत नाही. झवेरी बाजारातील दागिन्यावरचा ९१६ हा आकडा हजारात ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट, असे सांगतो. उरलेल्या भागात मुख्यतः चांदी आणि तांबे असते. तांब्याचा अणू लहान असल्यामुळे तो जाळी ताणतो आणि थर एकमेकांवरून सहज घसरू देत नाही, म्हणून दागिना शुद्ध सोन्यापेक्षा टणक होतो.

गोट्यांची रचना

अणूंना गोल मानले, तर पृष्ठकेंद्रित रचनेत जागेचा ७४ टक्के भाग भरतो, अंतःकेंद्रित रचनेत ६८ आणि साध्या घन रचनेत ५२. हे आकडे भूमितीने काढता येतात, पण आधी एका चौकोनी डब्यात सारख्या आकाराच्या गोट्या थरांनी रचून पाहाव्यात. दुसऱ्या थरातील गोट्या पहिल्या थराच्या खळग्यांत ठेवाव्यात, आणि तिसरा थर ठेवताना दोन पर्याय उरतात हे ध्यानात घ्यावे: पहिल्या थराच्या बरोबर वर, किंवा दोन्ही थरांनी मोकळ्या सोडलेल्या जागांवर. पहिल्या पर्यायाने षट्कोनी रचना मिळते, दुसऱ्याने पृष्ठकेंद्रित घन; भरलेली जागा दोन्हींत ७४ टक्केच असते. यापेक्षा दाट रचना शक्य नाही असे केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटले होते. दादरच्या बाजारातले फळवाले संत्र्यांचा ढीग याच रीतीने रचत आले आहेत, पण गणिती सिद्धता यायला मात्र १९९८ उजाडले; ती थॉमस हेल्स यांनी दिली.

गोट्या नुसत्या ओतल्या तर किती जागा मोकळी राहते, हे वरून मोजून पाणी ओतून पाहावे. साधारण ३६ ते ४० टक्के राहते, आणि डब्याच्या भिंतींमुळे थोडी अधिकही. विस्कळीत मांडणी नेहमीच सैल असते. काचेसारख्या पदार्थांचा विचार करताना हे उपयोगी पडते.

क्लोराइड आयनांची अशी दाट रचना करून तिच्या अष्टफलकी, म्हणजे सहा आयनांनी वेढलेल्या, पोकळ्यांत सोडिअम भरला की मीठ तयार होते, असेही मिठाकडे पाहता येते. सोडिअमची त्रिज्या १.०२ आणि क्लोराइडची १.८१ अँगस्ट्रॉम धरली तर बेरीज २.८३, आणि तिची दुप्पट ५.६६, आपल्या ५.६४ च्या अगदी जवळ. पुस्तकांत यापुढे त्रिज्यांच्या गुणोत्तरावरून रचना ओळखण्याचा नियम येतो. तो शिकावा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. पोटॅशिअम फ्लोराइडमध्ये दोन्ही आयन जवळपास सारख्या आकाराचे आहेत, म्हणून नियमानुसार प्रत्येकाला आठ शेजारी हवेत. प्रत्यक्षात त्याची रचना मिठाचीच, सहा शेजाऱ्यांची आहे.

तुरटीचे स्फटिक आणि मुंबईची हवा

१०० मिलिलिटर गरम पाण्यात २५ ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवून द्रावण गाळून घ्यावे आणि कापड झाकून ठेवावे. ३० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १६-१७ ग्रॅम तुरटी राहते, ५० अंशांना ३६ च्या आसपास. म्हणून थंड होताना जास्तीची तुरटी बाहेर पडते. तळाशी आलेल्या स्फटिकांतला एक चांगला निवडून, बारीक दोऱ्याला बांधून, त्याच द्रावणात टांगावा. पाणी शुद्धीकरणासाठी गोण्यांतून मिळणारी अपारदर्शक फिटकरी पुष्कळदा नुसते अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट असते आणि तिचे असे स्फटिक येत नाहीत. वाण्याकडचा काचेसारखा पारदर्शक खडाच घ्यावा.

स्फटिक पुढे वाढवायचा तर बाष्पीभवन लागते, आणि येथे ऋतू पाहावा लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये द्रावण आठवडाभर ठेवले तरी पातळी हलत नाही, तेव्हा गरम करून हळू थंड करण्याची रीतच उपयोगी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत मात्र उघडे ठेवलेले द्रावण सावकाश आटते आणि स्फटिक मोठा व निर्मळ होतो. मिठाला थंड करण्याची रीत मुळीच लागू पडत नाही, कारण १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम, एवढाच फरक आहे. म्हणूनच भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठी मिठागरे असतात, आणि ती पावसाळ्यात बंद राहतात.

तयार झालेला तुरटीचा स्फटिक अष्टफलक असतो. लगतच्या दोन पृष्ठांमधील आतला कोन मोजल्यास तो १०९.५ अंशांच्या जवळ येतो, मग स्फटिक मोठा असो, लहान असो वा एका बाजूने चपटा वाढलेला असो. कोन कायम राहतात, हे निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये गारेच्या (क्वार्ट्झच्या) स्फटिकांवर पाहिले होते. बाहेरचा आकार मात्र बदलू शकतो: द्रावणात युरिया असेल तर मिठाचेही घनाऐवजी अष्टफलक येतात, जरी आतली रचना तीच राहते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे, बहुकोनी खांब पाहून अनेकांना ते प्रचंड स्फटिक वाटतात. ते स्फटिक नव्हेत, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला असे तडे गेले. त्या बेसाल्टमधील खरे स्फटिक बहुतांशी इतके बारीक आहेत की नुसत्या डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत.

प्लास्टर ऑफ पॅरिस

लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला हा पदार्थ घटक-प्रमाणांचा अभ्यास करायला उत्तम आहे. जिप्सम तापवून त्यातले तीन चतुर्थांश पाणी काढले की प्लास्टर मिळते. पाणी घातले की ते परत जिप्सम होते आणि उष्णता बाहेर पडते. प्लास्टरच्या एका सूत्र-एककाचे वस्तुमान १४५.१५ आणि त्याने शोषलेले पाणी २७.०२, म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध प्लास्टर १८.६ ग्रॅम पाणी कायमचे बांधते. कालवण्यासाठी मात्र ६० ते ७० ग्रॅम पाणी लागते. उरलेले पाणी पुढे सुकून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते.

१०० ग्रॅम ताजे प्लास्टर वजन केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ७० ग्रॅम पाण्याने कालवावे. घट्ट झाल्यावर गोळा काढून पंख्याखाली ठेवावा आणि वजन स्थिर होईपर्यंत रोज नोंद करावी. भट्टीत किंवा गॅसवर सुकवू नये, नाहीतर बांधलेले पाणीही निघून जाईल. अखेरचे वजन ११८ च्या किती जवळ येते, यावरून प्लास्टर किती शुद्ध आणि किती ताजे होते याचा अंदाज करता येतो. ओलाव्यात उघडे राहिलेले पोते आधीच पाणी पिऊन बसलेले असते. हात प्लास्टरमध्ये रुतवून ठेवू नये, कारण उष्णतेने भाजते, आणि उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. गोळा मोडून तुटलेला पृष्ठभाग भिंगाने पाहिला तर बारीक चमक दिसते. सुयांसारखे जिप्समचे स्फटिक एकमेकांत गुंतल्यामुळेच गोळ्याला बळकटी येते. जिप्सम पाण्यात लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, तेव्हा विसर्जनानंतर अशा मूर्ती महिनोन्‌महिने तशाच का राहतात याचे उत्तर याच आकड्यात आहे. शाडूच्या मातीत असे रासायनिक बंधन नाही. तिच्या थरांमध्ये पाणी शिरले की मूर्ती सुटी होते.

दोष: जेथे हिशेब जुळत नाही

आतापर्यंत घनता आणि कड यांचा मेळ बसत होता. लोहाचा सर्वांत साधा ऑक्साइड घेतला की तो बसत नाही, आणि या विषयातला खरा रस माझ्या मते तेथून सुरू होतो. या ऑक्साइडची रचना मिठासारखी असून कड सुमारे ४.३० अँगस्ट्रॉम आहे. एकास एक प्रमाण धरून हिशेब केला तर घनता ६.०० यायला हवी, परंतु मोजली असता ती ५.७ च्या आसपास भरते. रासायनिक विश्लेषणात ऑक्सिजनच्या मानाने लोह कमी आढळते, साधारण ०.९५ ला एक. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो: जाळीत जास्तीचा ऑक्सिजन शिरला आहे, किंवा लोहाच्या काही जागा रिकाम्या आहेत. दोन्हींसाठी वरच्याच सूत्राने घनता काढून पाहावी. जास्तीच्या ऑक्सिजनने ती ६.०० च्या वर जाते, रिकाम्या जागांनी ५.७५ च्या जवळ उतरते. तराजू येथे निवाडा करतो: लोहाच्या जागा रिकाम्या आहेत. विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी प्रत्येक गेलेल्या आयनामागे उरलेल्यांपैकी दोन लोह आयनांवरचा भार दोनाचा तीन होतो, आणि या दोन प्रकारच्या आयनांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारू शकत असल्याने हा ऑक्साइड विद्युतवाहकही ठरतो. शॉटकी आणि फ्रेंकेल दोषांची व्याख्या हे उदाहरण सोडवल्यानंतर वाचावी. पहिल्यात दोन्ही प्रकारच्या जागा रिकाम्या राहतात आणि घनता घटते, दुसऱ्यात आयन जाळीतच दुसरीकडे सरकतो आणि घनता जवळपास तशीच राहते.

गंजाचा हिशेब मुंबईकराने आवर्जून करावा. लोखंडाच्या एका मोलचे घनफळ ५५.८५ भागिले ७.८७, म्हणजे ७.१ घन सेंटिमीटर. फेरिक ऑक्साइडची घनता ५.२४, मोलार वस्तुमान १५९.७, आणि त्यात लोहाचे दोन अणू. म्हणजे दर लोह अणूमागे १५.२. घनफळ दुपटीहून अधिक झाले, आणि पाणी धरणारा गंज याहूनही फुगतो. समुद्राकडच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबमधील सळई हवेतील क्लोराइडमुळे गंजते तेव्हा काँक्रीट आतून फुटून पापुद्रे का पडतात, हे या दोन भागाकारांत दिसते. अ‍ॅल्युमिनिअमसाठी हेच गुणोत्तर १.३ च्या जवळ येते. त्याचा ऑक्साइड पातळ, घट्ट थर बनून धातूला झाकतो आणि निघून पडत नाही.

यानंतर

आता सात प्रणाली आणि ऑग्युस्त ब्रावे यांची चौदा जालके वाचावीत. ती कड आणि कोन यांच्या शक्यतांची यादी आहे, आणि घनाचा हिशेब हाताखालून गेलेला असल्यामुळे चौकोनी किंवा षट्कोनी युनिट सेलसाठी केवळ घनफळाचे सूत्र बदलावे लागते. विवर्तन समजण्यासाठी जुनी सीडी आणि लाल लेझर पॉइंटर पुरतो. सीडीवरच्या रेषांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर आणि लेझरची तरंगलांबी ०.६५ मायक्रोमीटर धरली, तर पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर, म्हणजे एक मीटर दूरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्यापासून ४४-४५ सेंटिमीटरवर पडतो. किरण सीडीवर सरळ, काटकोनात टाकावा, आणि परावर्तित किरण कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

मग ब्रॅग यांच्या समीकरणात (दोन गुणिले थरांतील अंतर गुणिले कोनाचा साइन बरोबर तरंगलांबी) मिठाच्या थरांमधील २.८२ अँगस्ट्रॉम आणि तांब्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम घालावी: कोन १५.८५ अंश, त्याची दुप्पट ३१.७. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस या विनामूल्य संग्रहातून मिठाची फाइल उतरवून व्हेस्टा या संगणक-प्रणालीत उघडली, तर रचना फिरवून पाहता येते आणि विवर्तनाचा आलेखही काढता येतो. त्यातली सर्वांत उंच रेषा ३१.७ अंशांवर आहे का, ते तपासावे. मग तांबे, लोखंड आणि तुरटी यांच्या फाइली घेऊन प्रत्येकाची घनता आधी हाताने काढावी आणि नंतरच प्रणालीने दिलेली पाहावी. तुरटीसाठी कड १२.१६, चार सूत्र-एकके आणि वस्तुमान ४७४.४ धरले की १.७५ यायला हवी. अधिक कठीण प्रश्न हवे असतील, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर रसायनशास्त्र ऑलिंपियाडच्या मागील प्रश्नपत्रिका आहेत.